वळणावरचं टिंब

“दोन आहेत म्हणून बरं म्हणायचं, वहिनी. एक तरी हाती लागेल, नाही का?”

स्वयंपाकघरात प्रमिलाआत्या सासूबाईंना विचारत होत्या. मागच्या मोरीत वृषालीनं नुकताच नळ बंद केला होता.

नळ आणखी थोडा वेळ वाहता, तर ही गोष्ट घडलीच नसती.

सासूबाई म्हणाल्या, “हं.”

“आणि काही वेडंवाकडं झालंच, तर ते तिच्या माहेरी होईल. आपल्या दारात नको.”

यावर सासूबाई काय म्हणाल्या, ते कुकरच्या शिट्टीत गेलं.

वृषाली भिंतीला टेकली. पोटात उजवीकडून एक लाथ बसली. उजवीकडचं बाळ दांडगं होतं, जरा काही झालं की लाथ मारायचं. डावीकडचं गप्प असे. ते आईवर गेलं होतं.

तिनं नळ पुन्हा सोडला. चांगला धो धो. आपण काही ऐकलं नाही, हे आत ऐकू जावं म्हणून.

लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. जुळं आहे. डावीकडचं वाढीत मागं पडलंय. कधी धावपळ करावी लागेल, सांगता येत नाही. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दाखल व्हा. आणि त्या डावीकडच्याची हालचाल कमी वाटली, तर एक क्षण थांबू नका.

आत्यांचं म्हणणं वेगळं होतं. आत्या म्हणजे वृषालीच्या सासऱ्यांची बहीण. सासरे गेल्यापासून घर त्यांच्या शब्दावर चालायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे या घरात कधी चुकलं नव्हतं. शिवाय, लेक सातव्यात पाठवते म्हणून त्यांनी वृषालीच्या वडिलांना शब्द दिला होता.

“आम्ही एकवचनी माणसं,” आत्या म्हणायच्या. “शब्द म्हणजे शब्द.”

वृषालीचं माहेर घाटावर. एसटी तिथवर पोचायची आणि दमून तिथंच मुक्काम करायची. दवाखाना म्हणाल, तर सगळा घाट उतरून खाली.

नवरा पुण्याला कंपनीत. तो फोनवर म्हणाला, “आत्या म्हणेल तसं.”

आणि वृषाली?

तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं सांगितलंही नव्हतं. त्याला कारण होतं. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात जेवताना ती सहज बोलून गेली, “आम्ही आमटीत गूळ नाही घालत.”

आत्यांनी पळी पातेल्यात ठेवली. “आम्ही? किती जणी आल्यात गं लग्न करून? मांडवात तर एकच दिसत होती.”

सगळे हसले. वृषालीही हसली. त्या दिवसापासून तिनं ‘आम्ही’ टाकलं. ‘मी’ म्हणायची सवय अजून लागली नव्हती. दोन्ही शब्दांच्या मधल्या जागेत माणूस गप्पच बसतो.

एका माणसापुढं मात्र आत्यांचंही चालत नसे. त्यांचे इंग्रजीचे सर.

सरांनी उभा जन्म हायस्कुलात इंग्रजी व्याकरण शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर नदीकाठच्या लहानशा मठात जाऊन राहिले. भगवं घेतलं नाही, पांढरंच धोतर. अशा माणसाला काय म्हणायचं, हे गावाला उमजेना. सर म्हणावं तर मठात, महाराज म्हणावं तर हातात खडू. शेवटी लोकांनी आपला मधला मार्ग काढला. सरमहाराज.

लोक त्यांच्याकडे लग्न, जमीन, आजार घेऊन जायचे, आणि ते लोकांना क्रियापदं विचारायचे. लोक बुचकळ्यात पडून परतायचे. पण जायचे.

“उद्या सरांचा शब्द घेऊ,” आत्या म्हणाल्या. “परवा निघायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वृषाली उठली, तेव्हा उजवीकडचं बाळ जागं होतं. डावीकडे तिनं हात ठेवला. वाट पाहिली.

काही नाही.

झोपलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. आंघोळ करून पुन्हा हात ठेवला. रिक्षात बसल्यावर ठेवला. रस्ता खाचखळग्यांचा होता, त्यामुळे सगळंच हलत होतं आणि काय हलतंय ते कळत नव्हतं. तिला बोलायचं होतं. पण आत्या रिक्षावाल्याला सांगत होत्या, “जपून घे रे बाबा, जुळं आहे.” त्या बिचाऱ्यानं आरशातून वृषालीकडे असं पाहिलं, की ती बाहेर रस्त्याकडे बघू लागली.

रिक्षा मठाच्या फाटकाशी थांबवून आत्या, सासूबाई आणि वृषाली, तिघी आत आल्या.

सर औदुंबराच्या पाराशी पाटावर बसले होते. मांडीवर दगडी पाटी, कडेला खडूचा तुकडा. चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली.

सासूबाई मठासाठी आणलेला नारळ हातात धरून बसल्या. आत्यांनी वाकून नमस्कार केला. “सर, आशीर्वाद द्या. उद्या माहेरी पाठवायचं म्हणतोय.”

“कोण जाणार आहे?”

“ही. आमची सून. पोटात जुळं आहे तिच्या.”

“आणि ‘ही’ म्हणतेस?”

आत्या हसल्या. सर गमती करतात, हे त्यांना शाळेपासून ठाऊक होतं.

“डॉक्टरीणबाई म्हणतात, दवाखान्यात ठेवा. पण मी शब्द दिलाय, सर. आम्ही एकवचनी माणसं.”

सरांनी ते पाटीवर लिहिलं. एकवचनी माणसं. पाटी हात लांब करून धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली.

“यात एकवचनी कोणतं?” त्यांनी विचारलं.

आत्यांनी पाटीकडे बघितलं...

“म्हणजे... अर्थानं, सर.”

“हं,” सर म्हणाले आणि पाटी पुसली.

त्यांच्या शेजारी ताटात केळी होती. त्यांनी त्यातलं एक उचलून वृषालीपुढे धरलं. नेमकं जुळं. एका सालीत दोन.

“अगंबाई, सर! ते नको!” आत्यांचा हात मध्ये आला. “नव्या नवरीनं जुळं केळं खाऊ नये. हिनं तेच केलं असणार. मी वहिनींना पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.”

वृषालीनं लग्नानंतर केळंच खाल्लं नव्हतं. तिला ते आवडत नसे. पण हे सांगायला कोणी विचारावं तरी लागतं.

“मग तू घे,” सरांनी केळं आत्यांच्या हातात दिलं. “खा.”

“मी?”

“एक खा. एक तरी ठेव.”

वृषालीच्या हातात पदराचा बोळा झाला. एक तरी. तेच दोन शब्द. सरांनी ते सहज म्हटले होते, त्यांना काय माहीत. सासूबाईंनी मात्र झटकन वृषालीकडे बघितलं, आणि तितक्याच झटकन नजर खाली घातली.

कुकरच्या शिट्टीत काय गेलं होतं, कोण जाणे.

आत्यांनी सोलायला घेतलं. साल डावीकडून सुटली ती उजवीकडचीही घेऊन आली. त्यांनी पुन्हा दाबून बसवली. बसेना. एकाला नख लागलं तर दुसरं काळं पडलं.

“एकच कसं सोलायचं, सर? दोन्ही उघडी पडतात.”

सर ताटावरची माशी वारत राहिले.

पारावर एक पिकलं उंबर टपकन पडलं. वृषाली दचकली. उजवीकडचं बाळही दचकलं.

डावीकडचं नाही.

“प्रमिला, तुझं इंग्रजी चांगलं होतं,” सर म्हणाले.

“पहिली यायची मी.” आत्या केळं हातात धरूनच ताठ बसल्या. हा विषय त्यांच्या हक्काचा होता.

“बॉक्स?”

“बॉक्सेस.”

“शीप?”

“शीपच. एक काय नि कळप काय.”

“चाइल्ड?”

“चिल्ड्रन.”

“वुमन?”

“वुमेन. एम, ई, एन.” आत्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. “आमच्या मंडळाच्या पाटीवर तेच आहे. मीच लिहून घेतलंय. मी अध्यक्ष ना.”

“पुन्हा म्हण. आधी एकवचन.”

“वुमन.”

“आता अनेकवचन.”

“वुमेन.”

सरांनी कानामागे हात धरला. “मला दोन्ही वेळा एकच बाई ऐकू आली.”

“पण लिहिताना फरक पडतो, सर. शेवटी ए चा ई होतो.”

“लिहिताना शेवट बदलतो. म्हणताना सुरुवात बदलते. वुमन... विमिन.” सरांनी वृषालीकडे पाहिलं. “तू म्हण, बाळ.”

मठात शिरल्यापासून तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. तिच्याविषयी मात्र बरंच बोलून झालं होतं.

“वुमन,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की तिचा तिलाच ऐकू आला नाही.

“पुढे?”

“वि...”

एक साधा परका शब्द. शाळेत तिनं शंभरदा लिहिला असेल. पण मोठ्यानं म्हटला तर काहीतरी फुटेल असं वाटलं.

“विमिन,” कुणीतरी म्हणालं.

सासूबाई होत्या. आपल्याशीच पुटपुटल्या, नारळाच्या शेंडीकडे बघत.

“वहिनी, तुम्हाला नाही विचारलं,” आत्या म्हणाल्या.

“हं,” सासूबाई म्हणाल्या. पण हा ‘हं’ कालच्यासारखा नव्हता.

सरांनी पाटी मांडीवर सरळ केली. “माहेरचा रस्ता कसा आहे, बाळ?”

“घाट आहे.”

“अवघड?”

“एक वळण आहे. बाकी सोपा आहे.”

“त्या वळणाला काही नाव?”

वृषालीनं मान खाली घातली. लहानपणी एसटी त्या वळणावर आली की ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. समोरून कुणी येत नसलं तरी. बायका खिडकीतून फूल टाकायच्या, फूल नसलं तर वेणीतला नुसता धागा. आई तिचे डोळे झाकायची. डोळे झाकले की हॉर्न जास्तच मोठा वाटायचा.

“बाळंतिणीचं वळण म्हणतात,” ती म्हणाली.

सर खडू हातात घेऊन ऐकत होते.

“अडलेल्या बाईला जीपमधून खाली आणत होते,” ती म्हणाली. “दवाखान्यात. तिथवरच पोचली.”

आत्या लगेच म्हणाल्या, “अगं, ते जुनं असेल. कुठल्या तरी काळी एक बाई गेली, म्हणून काय सगळ्या घाटाला...”

सरांनी हात वर केला. आत्या थांबल्या. शाळेतला तो हात अजून चालत होता.

त्यांनी पाटीवर लिहिलं, टपोऱ्या, वळणदार अक्षरात.

बाळंतिणीचे वळण.

मग पाटी वृषालीपुढे सरकवली. खडू तिच्या हातात दिला.

“तुझ्या गावचं नाव आहे. लिहिण्यात चुकलं असेल, तर दुरुस्त कर.”

तिनं पाटीकडे पाहिलं.

चूक कुठे आहे, हे तिला ठाऊक होतं. लहानपणी तिलाही ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, एकच बाई असेल, गोष्टीतली, हिरवं लुगडं नेसलेली. मग एका पावसाळ्यात शेजारची सुगंधाकाकू जीपमधून गेली. जाताना म्हणाली, आल्यावर तुला बाळ मांडीवर देईन हं. त्यानंतर एसटी त्या वळणावर आली, की आई डोळे झाकेना. स्वतःचेच मिटून घ्यायची. आणि म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून आणखी नावं निघायची.

तिनं पाटी जवळ ओढली. खडू पाटीला लागला आणि किर्र वाजला.

तिनं एक टिंब दिलं. ‘णी’च्या डोक्यावर.

बाळंतिणींचे वळण.

खडू मोडला.

“वाच,” सर आत्यांना म्हणाले.

“बाळंतिणीचे...” आत्या अडल्या. पुन्हा जवळ जाऊन बघितलं. “बाळंतिणीं...चे...”

“ऐकू येत नाही,” सर म्हणाले.

“टिंब आहे ना, सर. बोलताना कुठे ऐकू येतं ते?”

“नाही येत,” सर म्हणाले. “म्हणून तर गाड्या जातात तिथून.”

सासूबाईंनी नारळ खाली ठेवला. तो घरंगळत पाटाला लागून थांबला.

आत्यांच्या हातातलं केळं आता पार काळं पडलं होतं. ते त्यांना खाववत नव्हतं आणि ठेवायला जागा सापडत नव्हती. त्या एकदा पाटीकडे बघत, एकदा हाताकडे. वृषालीनं त्यांना असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटायचं, भीती घरात आपल्या एकटीलाच आहे. निघाली ती सगळ्यांना पुरून उरेल एवढी. फक्त आत्यांची भीती दाराबाहेर ढकलत होती आणि तिची आत कोंडत होती.

“मग, सर...” आत्यांचा आवाज खाली आला. “करायचं काय? हिच्या वडिलांना शब्द दिलाय. काय कळवू?”

“मला काय विचारतेस? कर्त्याला विचार.”

“तो पुण्याला असतो, सर.”

“वाक्यातल्या,” सर म्हणाले.

आणि त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. सुतळी सुटली, ती पुन्हा बांधायला लागले. आपलं काम झालं असं ज्यांना वाटतं, ते मास्तर असंच करतात.

आत्या वाक्यातला कर्ता शोधत पाटीकडे बघत राहिल्या. सासूबाई वृषालीकडे.

फाटकाबाहेर रिक्षावाला कंटाळून हॉर्न वाजवत होता. समोरून कुणी येत नव्हतं.

वृषालीनं डाव्या कुशीवर हात ठेवला. दाबला. सकाळपासून तिथं काही हललं नव्हतं. आत्ताही हललं नाही. भीती होती तेवढीच होती, तिळभर कमी झाली नव्हती. पण तिला वाट बघायला सांगणारं कोणी आता तिच्या आत उरलं नव्हतं.

ती पाराला धरून उठली.

“आम्ही घाट चढणार नाही,” ती म्हणाली.

आत्यांची मान सवयीनं वर झाली.

“आम्ही?” त्यांनी विचारलं. टोमणा होता, पण मध्येच कुठंतरी त्यातला टोमणा गळून गेला आणि नुसता प्रश्न राहिला. “आम्ही म्हणजे... किती जणं गं?”

“डावीकडचं सकाळपासून हललेलं नाही. रिक्षा इथूनच दवाखान्यात घ्यायची.” तिचा आवाज पारापाशी बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेला. “आणि एक तरी नव्हे, आत्याबाई. आम्ही तिघंही.”